कसे ठेवू जी?

परवा डॉक्टरीणबाईंनी मला रक्तदाबाची गोळी लिहून दिली. मी चिठ्ठी हातात घेतली आणि पहिला प्रश्न विचारला, हिनं केस जातात का? बाईंनी चष्म्यावरून माझ्या डोक्याकडे पाहिलं. तिथं आता जाण्यासारखं काही राहिलेलं नाही. कानांमागे थोडी झालर आहे, आणि तीही नातीच्या मते उगीचच आहे. बाई हसू दाबत म्हणाल्या की जुन्या काही गोळ्यांनी काही जणांचे जायचे, हिनं सहसा जात नाहीत, आणि तुम्ही कशाला काळजी करता. मीही हसलो. पण दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना मधेच थांबलो, कारण तो प्रश्न माझा नव्हताच. तो भाऊंचा होता. चाळीसएक वर्षांपूर्वी तो कुणीतरी वेळेवर विचारायला हवा होता आणि कुणी विचारला नाही. त्या न विचारणाऱ्यांत पहिला मी.

भाऊ आमच्या मोजणीच्या कचेरीत मुख्य ड्राफ्ट्समन होते. कचेरी नागपूरच्या सदर भागात, उंच छताची, दगडी. मी तिथं लागलो तेव्हा सत्तरचं दशक अर्धं सरलं होतं आणि भाऊ पन्नाशीला टेकले होते. बारीक अंगकाठी, सावळा रंग, पांढरा सदरा, आणि डोक्यावर असे केस की खोलीत माणसाच्या आधी केस शिरत. दाट, काळेभोर, तिळाच्या तेलानं बसवलेले, डावीकडे भांग. तो भांग गुण्या लावून काढल्यासारखा सरळ असे. लोक सदऱ्याच्या खिशात पेन ठेवतात, भाऊंच्या खिशात दोन फण्या असत, एक जाड दातांची आणि एक बारीक. पेन ते कधी कानावर ठेवत नसत, केस विस्कटतात म्हणून. मे महिन्यात सगळं नागपूर डोक्याला दुपट्टा गुंडाळून फिरतं, तेव्हा हा माणूस इंदोरा वस्तीतल्या आपल्या घरून एका हातात सायकल आणि दुसऱ्या हातात काळी छत्री धरून येई. दुपट्टा काहून नाही बांधत, असं कुणीतरी विचारलं तर म्हणाले, डोक्याला फडकं आमच्या बापानं पुष्कळ बांधलं, आमच्या वाट्याचंही तेच बांधून गेले.

त्यांच्या हाताखाली शिकणं म्हणजे आधी भांग काढायला शिकणं. शेताची हद्द काढताना माझी रेघ जरा हलली की ते नकाशाकडे पाहत नसत, माझ्या डोक्याकडे पाहत. "हद्द आन भांग, दोन्ही सरळ पायजे गा," असं म्हणत आणि फणी न देता फक्त फणीकडे बोट दाखवत. स्वतःची फणी त्यांनी कधी कुणाला दिली नाही. साहेबांची पाहणी असली की आदल्या दिवशी सगळ्या विभागाची डोकी तपासत, आणि ज्याचे मानेवर आले असतील त्याला दुपारीच रजा मिळवून देत. आम्ही मागे टिंगल करायचो. मी तर त्यांची नक्कल इतकी हुबेहूब करायचो की चहावाला खूश होऊन मला एक कप जास्त द्यायचा.

माझ्या पहिल्याच दिवशी त्यांनी मला विचारलं होतं, हे केस कुणी कापले? मी जरा ऐटीतच सांगितलं की आमचं गाव रामटेककडचं, गावचा न्हावी पंधरा दिवसांनी घरी येतो, ओट्यावर बसून आजोबांपासून आम्हा सगळ्यांचे कापतो. भाऊ परत टेबलाशी गेले आणि टाक शाईत बुडवून बराच वेळ तसाच धरून बसले. मला वाटलं, त्यांना माझी हजामत पसंत पडली नाही.

पुढे त्यांनी मला आपल्या सलूनमध्ये नेलं. तेही सदरमध्येच, एका गल्लीत, दोन खुर्च्या आणि समोरासमोर दोन आरसे. कारागीर त्यांच्याच वयाचा. भाऊ दर रविवारी सकाळी आठला तिथं जात, केस वाढोत न वाढोत. खुर्चीवर बसले की कारागीर गळ्याशी फडकं बांधे, समोर येऊन उभा राही आणि विचारी, कसे ठेवू जी? भाऊ आरशात पाहत. जरा विचार केल्यासारखं करत. मग सांगत: मागून बारीक, समोरून राहू द्या, भांग डावीकडे. गेली पंचवीस-तीस वर्षं हेच उत्तर होतं, कारागिराला ते झोपेतही पाठ होतं, तरी विचारावं लागे. एकदा दिवाळीच्या गर्दीत तो विसरला आणि सरळ कात्री लावली. भाऊ फडक्यासकट खुर्चीवरून उतरले आणि दारात जाऊन उभे राहिले. बाकावरची माणसं पाहत राहिली. कारागीर मुकाट्यानं दारापर्यंत गेला, हात जोडून म्हणाला, "चुकलं. कसे ठेवू जी?" तेव्हा भाऊ परत येऊन बसले. मी त्या दिवशी घरी जाईपर्यंत हसत होतो.

हसणं कधी बंद झालं तेही सांगतो. एका उन्हाळ्यात नकाशावर वाकलेले असताना भाऊंना भोवळ आली. शाईची दौत कलंडली आणि तीन आठवडे खपून काढलेल्या एका गावावर काळा तलाव झाला. शुद्धीवर आल्यावर त्यांनी आधी नकाशा पाहिला, मग आम्हाला. डॉक्टरांनी पट्टा बांधून रक्तदाब पाहिला आणि दुसऱ्यांदा पाहिला, कारण पहिल्यांदा त्यांचा विश्वास बसला नाही. एक गोळी दिली, दोन वेळा, आणि म्हणाले की ही आता जन्मभराची सोबत. भाऊ शिस्तीचे. गोळी चुकली नाही. महिन्याभरात आकडा खाली आला, चेहरा निवळला, वहिनींनी आम्हा सगळ्यांना जेवायला बोलावलं.

तीन महिन्यांनी त्यांच्या फणीत केस दिसायला लागले.

आधी त्यांनी ते कुणाला कळू दिलं नाही. पण एका दुपारी नकाशाखान्यात आम्ही दोघंच असताना त्यांनी खण उघडून माझ्यापुढे पुड्या मांडल्या. ट्रेसिंग कापडाच्या उरलेल्या तुकड्यांच्या त्या पुड्या होत्या, प्रत्येकीवर त्यांच्या सुंदर अक्षरात तारीख. आत त्या त्या दिवसाच्या फणीतले केस. पहिल्या पुड्या चपट्या होत्या, शेवटच्या फुगलेल्या. मी नक्कल करायचो तसलं काही तोंडावर येऊ दिलं नाही. भांग रुंद झाला होता. खालची कातडी दिसत होती.

"केस जाऊन राहिले गा माझे," ते म्हणाले. "गोळी सुरू झाल्यावरच सुरू झालं हे."

मी म्हटलं, डॉक्टरांना विचारू. ते नको म्हणाले. पन्नाशी उलटलेल्या माणसानं केसांसाठी डॉक्टरकडे जायचं, डॉक्टर काय म्हणेल. मी म्हटलं, वय झालं की जातातच भाऊ, एवढं काय त्यात. तेव्हा त्यांनी खण बंद केला आणि मला ते सांगितलं, जे इतक्या वर्षांत कचेरीत कुणाला सांगितलं नव्हतं.

त्यांचं गावही रामटेककडचंच, आमच्यापासून चार-पाच कोसांवर. वस्ती गावाबाहेर. पुढे छप्पन्न साली त्यांच्या घरानं नागपुरात दीक्षा घेतली, पण ही गोष्ट त्याच्या आधीची. गावचा म्हाली, म्हणजे न्हावी, त्यांच्या वस्तीत येत नसे आणि वस्तीतल्या माणसाला हात लावत नसे. वडील घरातल्या बोथट कात्रीनं कापायचे. डोक्यावर पायऱ्या पडायच्या. रामटेकच्या शाळेत पोरं त्यांच्या डोक्याला गडाच्या पायऱ्या म्हणायची आणि मागून बोटं चढवून दाखवायची.

"म्हशी भादरायचा गा थो," भाऊ म्हणाले. "म्हशीले हात लावायचा. आमाले नाही."

मला आमचा ओटा आठवला. आमचा न्हावी आमची डोकी झाली की पेटी उचलून गोठ्यात जायचा आणि म्हैस भादरायचा. मी लहानपणी ते टाळ्या वाजवत पाहिलं होतं. कोण त्या ओट्यावर येत नाही, हे मला कधी दिसलंच नव्हतं. मला त्या दुपारी इतकी लाज वाटली की भाऊंच्या डोळ्यांकडे पाहवेना.

नोकरीवर हजर व्हायच्या आदल्या दिवशी, विशीतला हा मुलगा, म्हणजे भाऊ, सदरच्या त्या सलूनसमोर तासभर फेऱ्या मारत होता. शेवटी आत शिरला. खुर्चीवर बसला तेव्हा मनात एकच, आता जात विचारतील आणि उठवतील. कारागीरही विशीतलाच. त्यानं गळ्याशी फडकं बांधलं आणि समोर आला.

"थो म्हणते, कसे ठेवू जी?" भाऊ म्हणाले आणि थांबले. "मले तोवर कोनी विचारलंच नव्हतं गा, का तुले कसं पायजे."

उत्तर काय द्यायचं हे त्यांना सुचेना. म्हणून ते म्हणाले, तुमच्यासारखे. त्या पोराचा भांग डावीकडे होता. तोच भांग भाऊंनी पुढे तीस वर्षं सांभाळला.

आता माझी चूक सांगतो. तिच्यासाठीच हे लिहायला बसलो आहे. मोजणीत असं होतं की शेताच्या चारी बाजूंची मापं कागदावर उतरवली तरी कधीकधी शेवटची रेघ पहिल्या रेघेला येऊन मिळत नाही. शेत उघडं राहतं. अशा वेळी शंकेचं एक माप बाजूला ठेवायचं आणि बाकीच्यांवरून आकृती जुळते का ते पाहायचं. जुळली तर चूक त्या मापात. हे मला भाऊंनीच शिकवलं होतं, आणि त्या दुपारी मला त्यांच्यासाठी काहीतरी करायची इतकी घाई झाली होती की मी शहाणपणानं म्हणालो, "भाऊ, एक माप सोडून पाहा ना. पंधरा दिवस."

त्यांनी माझ्याकडे कौतुकानं पाहिलं. शिष्य तयार झाला असं त्यांना वाटलं असावं. त्या संध्याकाळपासून गोळी बंद. घरी कळू नये म्हणून गोळ्यांची पाकिटं कंपासपेटीत, आणि तिकडे पुड्या रोजच्या रोज. आठव्या दिवशी म्हणाले की अजून जाऊन राहिले. मी म्हटलं, आठवडा थांबा. केस गळायचे थांबायला महिने लागतात, हे आम्हा दोन नकाशेवाल्यांना कुठून माहीत असणार. रक्तदाब मात्र इतका वेळ देत नाही.

बाराव्या दिवशी सकाळी त्यांच्या हातातून टाक पडला. ते उचलायला वाकले आणि त्यांचा उजवा हात टाकाच्या बाजूनं नुसता फिरत राहिला. मला वाटलं, गंमत करत आहेत. मग तोंड एका बाजूला ओढलेलं दिसलं. कचेरीच्या जीपमधून त्यांना दवाखान्यात नेलं. जीव वाचला, उजवं अंग गेलं. तीस वर्षं ज्यानं हद्दी ओढल्या तो हात चादरीवर पडून राहिला.

डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं. ते रागावले असते तर बरं झालं असतं. ते फक्त थकल्यासारखे म्हणाले की होय, या गोळीनं काही जणांचे केस गळतात, सगळ्यांचे नाही. बदलली की बहुधा परतही येतात. मला एक शब्द विचारला असता तर हळूहळू कमी करून दुसरी दिली असती, ही एकदम तोडायची नसते. वहिनी खाटेशी बसल्या होत्या. त्यांनी विचारलं, गोळी सोडायला कुणी सांगितलं यांना? मी तोंड उघडलं असेल, नसेल, आठवत नाही. वाकड्या ओठांतून भाऊच बोलले. "मीच," म्हणाले. वहिनी त्यांना रागवत राहिल्या आणि मी उभा राहून ऐकत राहिलो. वहिनी आता नाहीत. त्यांना मी खरं कधीच सांगितलं नाही.

दवाखान्यात दुसरी गोळी सुरू झाली. घरी आल्यावर दोन-तीन महिन्यांत भाऊंच्या रुंद झालेल्या भांगात कोवळी लव दिसायला लागली. ते डाव्या हातानं ती सारखी चाचपून पाहत. बोलणं जड होतं, तरी मला बोलावून डोकं पुढे करून दाखवत. पण दाब काही आवरेना. या गोळीनं दिवसभर गुंगी यायची आणि आकडा तिथल्या तिथं. डॉक्टरांनी आणखी एक पाहिली, तीही लागू पडली नाही. शेवटी त्यांनी सांगितलं की यांना मानवते ती पहिलीच. तीच घ्यायची, नाहीतर पुढचा झटका शेवटचा. भाऊंनी विचारलं की केस वाचवणारी कुठं मिळत नाही का. डॉक्टर प्रामाणिक होते. म्हणाले, विदेशात एक गोळी निघाल्याचं वाचलं आहे, तिनं उलट केस येतात, पण कपाळावर, गालांवर, हातांवर, सगळीकडेच, आणि ती इथं मिळायची नाही. भाऊंचे डोळे क्षणभर चमकले. म्हणाले, गालावरचे मी रोज काढीन. आम्ही दोघंही त्यावर हसलो नाही.

त्यांनी पहिली गोळी घ्यायचं नाकारलं. वहिनी जिभेवर ठेवत, ते थुंकून टाकत. आठवड्यानं वहिनी कचेरीत आल्या. त्या आयुष्यात पहिल्यांदा तिथं आल्या होत्या. नकाशांच्या कपाटाला पाठ लावून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या की तुमचं ऐकतात ते. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

"त्याहिले केस दिसून राहिले, भाऊजी," त्या म्हणाल्या. "मी नाही दिसून राहिली."

रविवारी सकाळी मी इंदोऱ्याला गेलो. काय सांगायचं ते रात्रभर जुळवलं होतं, पण भाऊंना पाहून ते बाजूलाच राहिलं. मी एवढंच म्हणालो की आज रविवार आहे, आठ वाजायचे आहेत. आजारपणात कारागिरानं घरी येऊन कापतो म्हणून दोनदा निरोप धाडला होता आणि भाऊंनी दोन्हीदा नको कळवलं होतं. त्यांना तीच खुर्ची हवी होती. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि डावा हात पुढे केला. मी त्यांना सायकलरिक्षात बसवलं. 

सलूनमध्ये गर्दी होती. कारागिरानं धावत येऊन दुसऱ्या बाजूनं आधार दिला, खुर्चीवर नीट बसवलं, लोंबणारा हात मांडीवर ठेवला. फडकं बांधलं आणि समोर आला. या वेळी तो विसरला नाही.

"कसे ठेवू जी?"

भाऊंनी आरशात पाहिलं. वाकडं तोंड, खोबणीत गेलेले डोळे, आणि डोक्यावर जुन्या विरळ केसांत उगवलेली नवी लव. नेहमीसारखं विचार केल्याचं नाटक नव्हतं. त्यांना खरोखरच ठरवायचं होतं. मला वाटत होतं की मी काहीतरी म्हणावं, वहिनींचं नाव काढावं, माफी मागावी. मी गप्प राहिलो. एकदा बोलून पाहिलं होतं.

"सगळे काढा," भाऊ म्हणाले.

शब्द जड होते, पण स्पष्ट. कारागिरानं माझ्याकडे पाहिलं. भाऊंनी खुर्चीच्या दांडीवर डाव्या हाताची बोटं आपटली. कारागीर समजला, माझ्यावरची नजर काढून घेतली आणि त्यांनाच पुन्हा विचारलं, पुरे काढू जी? भाऊंनी मान हलवली. मग त्यानं डोकं भिजवलं आणि वस्तरा घेतला. एरवी दहा मिनिटांचं काम त्यानं अर्धा तास केलं. बाकावरचे लोक घाई करत नव्हते. केस फडक्यावर पडत होते, जुने, नवे, सगळे, आणि भाऊ एकदाही नजर न हलवता आरशात पाहत होते. झाल्यावर त्यांनी डावा तळवा डोक्यावरून फिरवला, कपाळापासून मानेपर्यंत, हद्द तपासावी तसा.

"गोळीनं नाही नेले गा," मला म्हणाले. "मी सांगतलं."

इंदोऱ्यात शिरलो तेव्हा गल्लीच्या तोंडाशी एक म्हातारबाबा बसले होते. गुळगुळीत डोकं आणि शेजारी माझा पडलेला चेहरा पाहून ते उठून उभे राहिले आणि हळू आवाजात विचारलं, कोण गेलं जी? भाऊंनी रिक्षा थांबवायला लावली. त्यांना नीट उत्तर द्यायचं होतं.

"कोनी नाही गेलं," ते म्हणाले.

वहिनी दारात आल्या आणि पदर तोंडाशी धरून तिथंच थबकल्या. भाऊ खाटेवर बसले, दम घेतला आणि डावा तळवा त्यांच्यापुढे पसरला. त्यांना आधी कळलंच नाही. मी म्हटलं, वहिनी, गोळी द्या. त्या धावत आत गेल्या. पाणी आणताना अर्धा पेला वाटेतच सांडला.

त्यानंतर भाऊ आठ वर्षं होते. गोळी एक दिवस चुकली नाही, आणि रविवारही चुकला नाही. मी त्यांना रिक्षानं न्यायचो आणि शेजारच्या खुर्चीवर बसायचो. कारागीर त्या गोट्याखाली फडकं बांधायचा, समोर येऊन विचारायचा, कसे ठेवू जी? भाऊ आरशात नीट पाहायचे, जणू अजून काही ठरायचं आहे, आणि मग सांगायचे, सगळे काढा.